पाबळची मस्तानी, उर्दू दास्तान आणि हिंदुस्थानी गाणें : एक परीक्षण

१. पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांत पाबळ नांवाचें गांव आहे. तेथें भिंतीनें वेढलेल्या आवारांत मस्तानीचें थडगें आहे. त्यास कोणी समाधि म्हणतात, कोणी कबर म्हणतात. दोन्ही शब्द चालतात. पुण्यास शनिवारवाड्याच्या तटांत मस्तानीच्या नांवाचा दरवाजा आहे. राजा दिनकर केळकर संग्रहालयांत तिच्या कोथरूडच्या महालाचे अवशेष पुनः उभे केलेले आहेत. परंतु ज्या स्त्रीचें नांव या सर्व वस्तूंस लागलें आहे, तिचा स्वतःचा असा एकहि शब्द आमच्या पाहण्यांत आलेला नाहीं. तिजविषयीं पुष्कळांनीं लिहिलें. तिनें लिहिलेलें कांहीं हातीं लागत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय उर्दू कथाकथन व हिंदुस्थानी कंठसंगीत यांच्या मिश्रणाचा आहे. तरी आरंभ या थडग्यापासून केला याचें कारण इतकेंच कीं, या मिश्रणाची खरी कसोटी अशाच ठिकाणीं लागते असें आमचें मत झालें आहे. गाण्यास वाव पाहिजे असतो, आणि मस्तानीच्या चरित्रांत वाव फार आहे. तो कशानें भरावयाचा, हा प्रश्न रंजन करणारांचा आहे तितकाच जुने कागद जपणारांचाहि आहे.

२. दास्तानगोई म्हणजे काय हें प्रथम सांगितलें पाहिजे. कारण या नांवाखालीं अलीकडे नाना प्रकारच्या गोष्टी मांडल्या जातात. फारसींतून उर्दूंत आलेली ही मौखिक कथनाची कला होय. अमीर हमजाचे पराक्रम हा तिचा मुख्य विषय. रज़्म म्हणजे युद्ध, बज़्म म्हणजे मैफल, तिलिस्म म्हणजे मायावी सृष्टि, आणि अय्यारी म्हणजे चतुर हेरांचे डावपेंच, हीं तिचीं चार अंगें. लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्यानें १९ व्या शतकाच्या अखेरीपासून पुढें ही दास्तान ४६ खंडांत छापली. त्यांतील 'तिलिस्म-ए-होशरुबा' हा प्रसिद्ध भाग मुहम्मद हुसेन जाह व अहमद हुसेन कमर यांच्या हातचा. दिल्लीचे मीर बाकर अली हे या परंपरेंतील अखेरचे नामांकित दास्तानगो. ते १९२८ सालीं वारले आणि परंपरा तेथें खुंटली. पुढें शम्सुर्रहमान फारुकी यांनीं या खंडांचा मोठा व्यासंग केला, व त्यांच्या मार्गदर्शनानें महमूद फारुकी यांनीं २००५ सालीं दिल्लीस दास्तानगोईचा पहिला नवा प्रयोग केला. पूर्वीं दास्तानगो एकटा बसे. नव्या प्रयोगांत बहुधा दोघे बसतात. पांढरा अंगरखा, पांढरी टोपी, एक बैठक व दोन दिवे, एवढेंच साहित्य.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. जुना दास्तानगो गात नसे. वाद्य नाहीं, पडदा नाहीं. जें साधावयाचें तें बोलण्यांतच साधावयाचें. बज़्मचें वर्णन आलें कीं तो गाणारांचीं, वाद्यांचीं व वस्त्रालंकारांचीं नांवें एकामागून एक अशा झपाट्यानें म्हणे कीं श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें मैफल उभी राही. म्हणजे संगीत हा दास्तानीचा विषय होता, साधन नव्हतें. तेव्हां दास्तानीस ख्याल, ठुमरी, दादरा यांची जोड देणारा आज जें करतो, तें परंपरेचें पुनरुज्जीवन म्हणतां येत नाहीं. ती नवी रचना आहे. नवी रचना करणें यांत दोष नाहीं. तिजवर जुन्याचा शिक्का मारणें हा मात्र दोष आहे, आणि जुन्या वस्तूंच्या पारखी संग्राहकांस त्याचें स्वरूप निराळें सांगावयास नको.

३. उर्दू कथनास रागदारीची जोड मिळाल्याचें खरें जुनें उदाहरण पाहावयाचें तर दास्तान सोडून मर्सियाकडे वळावें लागतें. करबल्याच्या प्रसंगावरील मर्सिये दोन रीतींनीं म्हणतात. एक तहतुल्लफ्ज, म्हणजे न गातां, केवळ उच्चाराच्या व हावभावाच्या बळावर. दुसरी सोझख्वानी, म्हणजे रागांत बांधून, पण वाद्यावांचून. मीर अनीस (मृत्यु १८७४) व मिर्झा दबीर (मृत्यु १८७५) यांच्या लखनौंत या दोन्ही रीती एकाच मजलिशींत नांदत. आधीं सोझ व्हावयाचा, मग वाचन. गाण्यानें मन ओलें करावयाचें आणि बोलण्यानें प्रसंग सांगावयाचा, अशी ही वांटणी होती. दोहोंची सीमा श्रोत्यांस ठाऊक असे. याच्या उलट उदाहरण आगा हसन 'अमानत' यांच्या 'इंदरसभे'चें. १८५३ च्या सुमाराच्या या रचनेंत गाणीं मुख्य असून कथा त्यांस ओंवण्यापुरती आहे. आजच्या मिश्र प्रयोगांपुढें हे दोन्ही मार्ग उघडे आहेत, आणि बहुतेक प्रयोग नकळत दुसऱ्या मार्गानें जातात असें दिसतें.

आतां महाराष्ट्राकडे पाहूं. कथा व रागदारी यांचा संयोग आपणांकडे इतका जुना आहे कीं तो कोणी नवा म्हणून सांगूं लागल्यास हंसूं येतें. नारदीय कीर्तन हेंच त्याचें उदाहरण. पूर्वरंगांत निरूपण, उत्तररंगांत आख्यान. मध्यें बुक्का लागून हार पडतो, आणि श्रोत्यांस कळतें कीं आतां सिद्धांत संपला व कथा सुरू झाली. आख्यानांत ओवी, साकी, दिंडी, आर्या, पद हीं सर्व येतात. जेथें प्रसंग धांवतो तेथें कटाव येतो. हे कटाव ज्याच्या नांवानें प्रसिद्ध आहेत तो अमृतराय (१६९८–१७५३) औरंगाबादेचा, आणि त्याची रचना मराठींत आहे तशीच हिंदुस्थानींतहि आहे. त्याच नगरींत त्याच काळीं सिराज औरंगाबादी दखनी-उर्दूंत गझला लिहीत होता. म्हणजे बाजीराव पेशवे उत्तरेंत घोडदौड करीत होते त्या दिवसांत गोदावरीच्या प्रांतीं मराठी कथेकरी व उर्दू कवि एका शहराचें पाणी पीत होते. दास्तानींतील त्या नांवांच्या झपाट्याचा सख्खा भाऊ शोधावयाचा तर तो अमृतरायाच्या कटावांत सांपडेल. शिरूरच्या शेजारीं श्रीगोंद्यास शेख महंमदानें मराठींत 'योगसंग्राम' लिहिला त्यास आज पावणेचारशें वर्षें होऊन गेलीं. तेव्हां भाषांचें, धर्मांचें वा गाण्याबोलण्याचें मिश्रण या भूमीस अपरिचित आहे, अशी शंका घेऊन कोणी या प्रयोगांकडे नाक मुरडील तर तो पक्ष आमचा नव्हे, हें आरंभींच स्पष्ट करतों.

४. अलीकडे दास्तानगोई मराठींतहि आली आहे. अक्षय शिंपी व नेहा कुलकर्णी यांची 'दास्तान-ए-बडी बांका' ही मुंबई शहरावरील मराठी दास्तान तिचें ठळक उदाहरण होय. राजा वा वीर यांच्या जागीं एक शहरच नायक करून त्याची कथा बैठकीवरून सांगतां येते, हें तिनें दाखविलें. उर्दूच्या घाटांत मराठी बोलणें कृत्रिम होईल ही भीतिहि तिनें दूर केली. आतां ओघानेंच पुढील पायरी येते. गाणारा गळा, मराठी वा उर्दू कथन, आणि ऐतिहासिक विषय हीं तीन एकत्र आणण्याची इच्छा अनेकांस होणार, आणि पुण्याच्या आसपास तशी इच्छा झाली कीं पहिलें नांव मस्तानीचें सुचणार. प्रेम आहे, वियोग आहे, कैद आहे, अकालीं मृत्यु आहे. नायिका गाणारी होती अशी समजूत आहे. उर्दूस वाव आहे, रागदारीस वाव आहे. विषय जणूं या प्रकारासाठींच घडला आहे. आम्ही सावध होतों तें यामुळेंच.

५. "मनोरंजनाच्या गोष्टींत संशोधकांनीं कशाला डोकें घालावें?" असा प्रश्न कोणी करील. त्यास उत्तर आपल्याच कपाटांत आहे. अज्ञानदासानें गायिलेला अफजलखानवधाचा पोवाडा आपण साधन म्हणून वापरतों. अॅक्वर्थ व शाळिग्राम यांनीं १८९१ सालीं पोवाड्यांचा संग्रह छापला, पुढें १९२८ सालीं य. न. केळकर यांनीं ऐतिहासिक पोवाडे टिपांसह प्रसिद्ध केले. आणि त्यांतील प्रत्येक ओळ खरी कीं गायकानें घातलेली, हें ठरवितांना विद्वानांचीं वर्षें गेलीं. जें गायिलें जातें तें टिकतें, आणि टिकलें कीं पुरावा बनूं पाहतें. राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' यांचा पहिला खंड काढला तेव्हां बखरींच्या विश्वासार्हतेचा प्रश्न त्यांस प्रथम हातीं घ्यावा लागला, तोहि याच कारणानें. सांगणाराच्या रसाळपणानें कागदाची जागा घेतली होती. आज बैठकीवर बसून गाणारे व सांगणारे हे उद्यांचे शाहीर व बखरकार आहेत. त्यांचें परीक्षण आज केलें तर उद्यांचा घोळ कांहीं अंशीं तरी टळेल.

६. मस्तानीविषयीं कागद काय सांगतात तें थोडक्यांत पाहूं. १७२९ सालीं मुहम्मदखान बंगषानें छत्रसालास जैतपुरास कोंडलें असतां बाजीरावांनीं जाऊन त्याची सुटका केली. मस्तानी पुण्यास आली ती या बुंदेलखंडाच्या संबंधानें, ही परंपरा सर्वमान्य आहे. तिचें नांव प्रथम आढळतें तें नानासाहेबांच्या १७३० सालच्या लग्नप्रसंगीं, असें गो. स. सरदेसाई यांनीं दाखविलें आहे. तिचा पुत्र समशेर बहादूर १७३४ सालीं जन्मला. सरदेसाई यांच्याच संपादनाखालीं 'पेशवे दप्तरांतून निवडलेले कागद' ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. त्यांतील नवव्या खंडांत बाजीराव व त्यांचें कुटुंब यांविषयींचे कागद आहेत. १७३९ च्या अखेरीचा कुटुंबकलह त्यांवरून कळतो. बाजीराव पुण्याहून निघून पाटसास जाऊन राहिले. मस्तानीहि तेथें जाऊन पोंचली. पुढें जानेवारी १७४० मध्यें, बाजीराव नासिरजंगावरील मोहिमेंत गुंतले असतां, तिला पुण्यास अटकेंत ठेविलें. शाहू छत्रपतींचा कल तिजवर सक्ति करूं नये असा होता. एप्रिल २८, १७४० रोजीं बाजीराव रावेरखेडीस वारले, व त्यानंतर लवकरच मस्तानी वारली. तिनें विष घेतलें, ती झुरून मेली, ती सती गेली, अशा निरनिराळ्या कथा आहेत. कागद त्यांतील एकीचाहि निर्णय देत नाहींत. पाबळ, केंदूर व लोणी हीं गांवें तिला दिलीं होतीं अशी परंपरा आहे, आणि थडगें पाबळास आहे.

राहिला प्रश्न तिच्या उत्पत्तीचा, आणि तोच येथें महत्त्वाचा आहे. एक पक्ष म्हणतो कीं ती छत्रसालाची मुसलमान स्त्रीपासून झालेली कन्या. दुसरा पक्ष 'तारीख-ए-मुहम्मदशाही'चा आधार घेतो; तींत तिला कंचनी, म्हणजे नाचगाणें करणारी, म्हटलें असून घोड्यावर बसण्यांत व तलवार-भाला चालविण्यांत ती निपुण असल्याचें वर्णन आहे. ना. सं. इनामदार यांची 'राऊ' (१९७२) ही कादंबरी, द. ग. गोडसे यांचा 'मस्तानी' (१९८९) हा ग्रंथ, आणि 'राऊ'वर आधारलेला २०१५ सालचा 'बाजीराव मस्तानी' हा हिंदी चित्रपट, यांनीं हा प्रश्न पुनः पुनः लोकांपुढें आणला. चित्रपटांत मस्तानी गाते व नाचते. काशीबाई व मस्तानी या दोघी मिळून नाचतात त्या गीतावर त्या वेळीं मोठा क्षोभ झाला. क्षोभ करणारांचा रोख बहुतांशीं घराण्याच्या प्रतिष्ठेवर होता. आमचा आक्षेप निराळा आहे, व तो पुढें मांडतों.

७. गाणें हें निरूपद्रवी अलंकरण आहे अशी सामान्य समजूत असते. मस्तानीच्या बाबतींत ती खरी नाहीं. दास्तान सांगतां सांगतां गायिका मस्तानीच्या भूमिकेंत शिरते व तिच्या मुखानें ठुमरी म्हणूं लागते, तेव्हां उत्पत्तीच्या वादाचा निकाल श्रोत्यांच्या मनांत लागून चुकतो. ती गाणारी होती, हें त्यांनीं कानांनीं ऐकलें असतें. पुढें कोणी दहा कागद दाखविले तरी ऐकलेलें पुसलें जात नाहीं. जो पक्ष तिला छत्रसालाची कन्या मानतो त्याचें म्हणणें मांडण्यापूर्वींच तो हरतो. गाणें जितकें उत्तम तितकें हें नुकसान मोठें. यास्तव या मिश्र प्रकारांतील पहिला व मुख्य दोष आम्ही असा सांगतों कीं, ज्या व्यक्तीचें गाणें हाच वादाचा विषय आहे तिच्याच तोंडीं गाणें घालणें म्हणजे पुरावा न देतां निवाडा देणें होय.

दुसरा दोष कलेचा आहे. दास्तानीचा प्राण वेग. ख्यालाचा प्राण विस्तार. विलंबित ख्यालांत एका स्वराभोंवतीं काळ थांबतो. दास्तानींत पंचवीस नांवें एका दमांत जातात. दोहोंस एका बैठकीवर आणलें असतां, पाटसाकडे निघालेली मस्तानी वाटेंतच अर्धा घटका आलापींत अडकून पडते, आणि पहारा चुकवून निघालेल्या स्त्रीची जी धास्ती श्रोत्यांस वाटावयाची ती निघून जाते. कीर्तनकारांस ही अडचण ठाऊक होती. धांवत्या प्रसंगीं ते कटाव घेत, आणि प्रसंग संपल्यावर पद. राग आळवावयाचा तो कथा थांबली असतां. बंदिशीचे दोन बोल व दोन ताना यांत भाव उभा करून पुनः कथेवर येणें हें अभ्यासाचें काम आहे, आणि गायक मोठा असला म्हणजे तें साधतेंच असें नाहीं. उलट मोठ्या गायकास कथेपुढें लहान होणें अधिक जड जातें.

८. येथें कालविपर्यासाचा आक्षेप कोणी पुढें आणील, व आमच्या वाचकांस तो विशेष रुचेल. त्याचा विचार प्रामाणिकपणें केला पाहिजे. ठुमरीचा उत्कर्ष वाजिदअली शहाच्या लखनौंत, म्हणजे मस्तानीच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनीं. हार्मोनियम त्याहूनहि अलीकडचा. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रांत रुजली ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांच्या काळीं. मुहम्मदशहाच्या दरबारांत न्यामतखान 'सदारंग' ख्याल रचीत होता हें खरें, आणि तो काळ बाजीरावांचाच. पण तो दिल्लीचा दरबार, पुण्याचा वाडा नव्हे. भाषेचेंहि तेंच. होशरुबाची नटवी उर्दू १९ व्या शतकाच्या अखेरच्या लखनौची आहे. बुंदेलखंडांतून आलेल्या मस्तानीची बोली बुंदेली असावी असें अनुमान सहज निघतें.

असें असूनहि हा आक्षेप आम्ही मोठा मानीत नाहीं. कथा नेहमीं ऐकणाराच्या भाषेंत सांगितली जाते. मोरोपंताच्या आर्येंतील पांडव पंताच्याच मराठींत बोलतात, आणि त्यावरून कोणी पंतास दोष दिलेला नाहीं. शिवाय उर्दूचा या कुळाशीं संबंध नाहीं असें म्हणणें धाडसाचें होईल. समशेर बहादूर १७६१ सालीं पानिपतच्या जखमांनीं वारला. त्याचा पुत्र अलीबहादूर यानें बुंदेलखंडांत राज्य मिळविलें, आणि त्याचे वंशज बांद्याचे नबाब झाले. मिर्झा गालिब कलकत्त्यास जातांना वाटेंत आजारी पडून बांद्यास राहिले, तेव्हां तेथें नबाब झुल्फिकार अलीबहादूर होते. म्हणजे मस्तानीचे पणतू. पाबळच्या थडग्यांतील स्त्रीच्या वंशजानें उर्दूच्या थोर कवीस आश्रय दिला. कुटुंबाच्या कलहांत ज्या रक्ताचा विटाळ मानला गेला, तें रक्त बांद्यास जाऊन उर्दूच्या अंगणांत मानानें वावरलें, ही घटना कोणत्याहि रचलेल्या प्रसंगापेक्षां अधिक हृद्य आहे. दास्तान रचणारांस उर्दूसाठीं आधार पाहिजे असेल तर तो येथें आहे. पुण्याच्या वाड्यांत नसलेली गझल उभी करण्यापेक्षां बांद्याची खरी मैफल वर्णन करावी. त्यांत जुन्या बज़्मचें अंगहि आपोआप साधेल.

९. मग या मिश्रणास इतिहासाच्या दृष्टीनें स्थान आहे कीं नाहीं? आमच्या मतें आहे, आणि कादंबरी वा चित्रपट यांपेक्षां वरचें आहे. कादंबरींत कागद कोठें संपला व कल्पना कोठें सुरू झाली हें वाचकास कळत नाहीं. दोन्ही एकाच गद्यांत मिसळलेलीं असतात. चित्रपटांत तर डोळ्यांस दिसलें तें सर्वच खरें वाटतें. परंतु जेथें एक बोलतो व एक गातो तेथें शिवण मुळांतच आहे. बोलणें व गाणें यांतील फरक अडाण्यासहि ऐकूं येतो. या शिवणीचा उपयोग करावा, ती लपवूं नये, एवढेंच आमचें म्हणणें. बोलण्यानें कागदास धरून राहावें. ज्या गोष्टीस पत्र आहे, नोंद आहे, शिलालेख वा नाणें आहे, ती बोलावी. वाद असेल तर दोन्ही पक्ष बोलावेत, व त्यासाठीं बैठकीवर दोघे दास्तानगो बसलेलेच आहेत. एकानें छत्रसालाच्या कन्येचा पक्ष घ्यावा, दुसऱ्यानें कंचनीचा. आणि जेथें कागद मुका होतो तेथें गाणें यावें. मस्तानीस अटकेंत काय वाटलें असेल, रावेरखेडीची वार्ता तिला कशी पोंचली असेल, याचें पत्र नाहीं. तेथें स्वरानें बोलावें, आणि श्रोत्यांनीं समजावें कीं आतां पुरावा संपला, करुणा सुरू झाली.

मात्र हें गाणें मस्तानीचें असूं नये, सांगणाराचें असावें. कीर्तनकार द्रौपदीचा धांवा गातो तेव्हां द्रौपदी गाणारी होती असें कोणास वाटत नाहीं, कारण तो बुवाच राहून गात असतो. सोझ म्हणणारा हुसेनाचें सोंग घेत नाहीं. तो शोक करणारांतील एक असतो. पाबळच्या थडग्याजवळ कोणी अशी बैठक मांडलीच, तर गाणारानें थडग्याकडे तोंड करून स्वतःच्या नांवानें गावें. तिचे शब्द नाहींसे झाले आहेत हें ज्या गाण्यांतून कळेल तें गाणें खरें. तिचे शब्द सांपडले असा भास जें गाणें करील, तें कितीहि सुरेल असो, बनावट दस्तऐवजाच्या जातीचें होय.

१०. शेवटीं दोन सूचना. पहिली प्रयोग करणारांस. दास्तानीची संहिता सिद्ध झाली कीं तिची एक प्रत, कोणता भाग कशावरून घेतला व कोणता स्वतः रचला याची खूण करून, एखाद्या ग्रंथसंग्रहांत दिनांकासह ठेवावी. पोवाड्यांच्या गायकांनीं असें केलें असतें तर आपले किती श्रम वांचले असते याचा विचार वाचकांनींच करावा. दुसरी संग्राहकांस. शिरूर, दौंड, जुन्नर या बाजूच्या जुन्या कीर्तनकारांच्या व शाहिरांच्या घरीं आख्यानांचीं बाडें असण्याचा संभव आहे. त्यांत हिंदुस्थानी पदें, दखनी कवनें व कटावहि मिळतील. कथा व गाणें यांचा आपल्याकडील जुना संसार कसा चालत होता हें त्यांवरून कळेल, आणि नव्या प्रयोगांस लखनौकडे पाहण्यापूर्वीं घरचा धडा मिळेल. हीं बाडें वाळवीच्या तोंडीं जाण्याआधीं त्यांच्या नकला व्हाव्यात. पाबळास जाणारांनीं थडगें पाहून परतण्यापूर्वीं गांवांतील दोन घरें या कामासाठीं चढावीत, एवढी विनंति करून हें परीक्षण पुरें करतों.